मागचं दार अड्याळला गेलं तेव्हा

आमच्या घराला मागच्या बाजूने काचेचं सरकतं दार आहे. आमच्या कोंढा गावात असं दार दुसऱ्या कुणाकडे नाही. ते आमच्याकडे का आहे, याचं उत्तर इतकंच की बाबा एकदा नागपूरला एका लग्नाला गेले होते आणि त्या हॉलला तसं दार होतं. लग्न कुणाचं होतं ते बाबांना आता आठवत नाही, दार आठवतं. परत आल्यावर ते कितीतरी दिवस सांगत होते, की एका बोटाने ढकललं तरी जातं, आवाज नाही, काही नाही. बाबांचं तरुणपण पवनीला हातमागावर गेलं. नंतर त्यांनी कोंढ्याला येऊन कापडाचं दुकान टाकलं, ते आता मी बघतो. पण माग सुटला तरी सवय सुटली नाही. सरळ रेषेत न अडखळता इकडून तिकडे जाणारी कोणतीही वस्तू दिसली की त्यांचा जीव तिच्यावर बसतो. मागची खोली बांधायला काढली तेव्हा त्यांनी वाडीकडची, म्हणजे परसाकडची, भिंतच घालू दिली नाही.

दाराला दोन पल्ले. एक जागेवर बसवलेला, दुसरा सरकणारा. सरकणाऱ्या पल्ल्याच्या पोटात खालून दोन लहान चाकं असतात, त्यांना बेअरिंग म्हणतात, आणि सगळं वजन त्यांच्यावर असतं. हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमचा समज असा होता की दार आपोआप सरकतं.

पहिली काही वर्षं ते सरकलंही. मग ती चाकं ज्या खालच्या पट्टीवरून फिरतात तिच्यात धानाचा कोंडा गेला, आईचे केस गेले, दुकानातून कपड्यांबरोबर घरी येणारे सुताचे धागे गेले. दार आधी कुरकुरलं, मग किंचाळायला लागलं, मग त्याला खांदा लावावा लागला. शेवटी ते फक्त बाबांचंच ऐकायचं. बाबांची एक पद्धत होती: पल्ला दोन्ही हातांनी थोडा वर उचलायचा, गुडघा लावायचा, दाराला हळूच एक शिवी द्यायची आणि ढकलायचा. ही पद्धत त्यांनी मला शिकवायचा प्रयत्न केला, पण मला जमली नाही. माझी शिवी बरोबर वेळेवर येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

आईला वाडीत पापड घालायचे असले, लिंबं तोडायची असली, की ती बाबांना हाक मारायची. बाबा दुकानात असले तर दुकानातून यायचे. मला वाटतं त्यांना ते आवडत होतं.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी बाबांनी आईला वाडीत मिरच्या पसरायला दार उघडून दिलं आणि सवयीने मागून लावूनही टाकलं. नंतर ते मला टेकू म्हणून दुकानात येऊन बसले होते आणि गादीवर झोपले होते. वाडीच्या फाटकाला बाहेरून कुलूप होतं आणि आईचा फोन घरात राहिला होता. आई संध्याकाळपर्यंत मिरच्यांपाशी बसली. आम्ही घरी आलो तेव्हा ती काचेच्या पलीकडे उभी होती. बाबांनी दार उचललं, गुडघा लावला, शिवी दिली. आई आत आली.

"मी दुपारपासून वाडीत बसून राहिली," ती म्हणाली. "एक तं हे दार नीट करा, नाई तं मी दिघोरीले चालली जाते."

हे ऐकून बाबा खाटेवर बसले. दिघोरी आईचं माहेर. तिथे तिचा धाकटा भाऊ असतो, आमचा मामा, आणि त्याच्याशी आई कित्येक वर्षं बोलत नव्हती. मामाच्या मुलीच्या लग्नात मांडवात घरच्यांचा फोटो काढायचा होता, तेव्हा आई हात धुवायला गेली होती. फोटोवाला म्हणाला, मागे जेवणाची पंगत खोळंबली आहे. मामा काही बोलला नाही आणि फोटो निघाला. आईने ओल्या हातानेच छत्री उचलली आणि ती बसस्टँडवर जाऊन बसली. तेव्हापासून आमच्या घरात दिघोरीचं नाव निघत नव्हतं. आता ती तिथे जायची धमकी देत होती, म्हणजे दार खरंच नीट करायला हवं होतं.

अड्याळला ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दारं बनवणाऱ्याचं एक दुकान आहे. मी त्याला फोन केला.

"लग्नाचा सीझन हाये भाऊ," तो म्हणाला. "घरी यायले टाइम नाई. तुमी पल्लाच घेऊन या ना. उभ्या उभ्या करून देतो."

मी म्हटलं, इतका मोठा पल्ला कसा आणायचा.

"लोक खिडक्या घेऊन येतात," तो म्हणाला. आणि त्याने फोन ठेवला.

शेजारचा एक जण ट्रॅक्टर घेऊन अड्याळलाच चालला होता, ट्रॉलीच्या टायरचं काम होतं. ट्रॉली रिकामी होती. सकाळी बाबांनी आणि मी पल्ला वरच्या खाचेत उचलला, खालून बाहेर ओढला आणि काढला. आडवा ठेवला तर धक्क्याने काच तडकेल असं बाबांचं ठाम मत पडलं. हातमागवाल्याला काचेतलं काय कळतं, असं मी म्हणू शकलो असतो, पण वडील आहेत. म्हणून पल्ला उभाच न्यायचं ठरलं, एका बाजूने बाबा धरतील, दुसऱ्या बाजूने मी. काचेला ओरखडे पडू नयेत म्हणून बाबांनी दुकानातून पांढऱ्या मांजरपाटाचा एक तागा आणला आणि खालचा अर्धा भाग नीट गुंडाळला. वरच्या पट्टीला दिवाळीचं झेंडूचं तोरण अजून लटकत होतं. ते काढायचं कुणाला सुचलं नाही.

दुकान बंद ठेवलं. बायको त्या आठवड्यात नागपूरला आमच्या मुलीकडे होती. घराला मागून भिंत नाही आणि आता दारही नाही, म्हणून आई त्या रिकाम्या चौकटीत खुर्ची टाकून राखणीला बसली. आम्ही निघताना तिने सांगितलं, की येताना कोथिंबीर आणा.

बाबा आणि मी काचेच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे होतो. मी माझ्या वडिलांचा चेहरा इतका वेळ, इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे बाप-लेक एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसत नाहीत. एरवी दोघांपैकी कुणीतरी उठून गेलं असतं. इथे सोडून जाता येत नव्हतं. ट्रॅक्टरच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. गाव मागे पडलं आणि कापणी चाललेली शेतं सुरू झाली तसे बाबांचे ओठ हलायला लागले. ते मला काहीतरी सांगत होते. मला एक शब्द कळत नव्हता, पण त्यांचा चेहरा फार गंभीर होता. मला वाटलं, वयाप्रमाणे माणसाला कधीतरी मन मोकळं करावंसं वाटतं. मी मान हलवली. ते पुन्हा बोलले, मी पुन्हा मान हलवली. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी काचेतून मोठ्याने म्हणालो, "असू द्या बाबा. होते सगळं नीट."

अड्याळला पोचून ट्रॅक्टर थांबला तेव्हा ते काय म्हणत होते ते ऐकू आलं. ते म्हणत होते, "माह्या पायावर हाये. दार माह्या पायावर हाये."

पल्ल्याचा कोपरा कोंढ्यापासून अड्याळपर्यंत त्यांच्या पायाच्या बोटांवर टेकलेला होता.

हे आम्हाला ट्रॉलीतून असं दिसत होतं. रस्त्यावरून कसं दिसत होतं, याचा विचार आम्ही केला नव्हता. आमच्या भागात कुणाच्या घरी माणूस गेलं आणि लेक-नातू लांबून यायचे असले, की आता देह ठेवायला काचेची थंड पेटी आणतात. ट्रॉलीत उभी काच, तिला पांढरं कापड, वर झेंडूची माळ, एका बाजूने म्हातारा ढसाढसा रडतो आहे, दुसऱ्या बाजूने त्याचा मुलगा त्याला समजावतो आहे. धान कापणाऱ्या बायांनी विळे थांबवले. मोटरसायकलवाले बाजूला झाले. एकदोघांनी ट्रॅक्टरच्या बरोबरीने गाडी चालवत ट्रॅक्टरवाल्याला काही विचारलं. त्याला इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, आणि ऐकू न आल्यावर मान डोलावायची त्याची सवय आहे.

त्यात कोंढ्यात आमचं दुकान बंद. कापडाचं दुकान ऐन लगीनसराईत उगीच बंद राहत नाही. बाबा दिसले होते, मी दिसलो होतो. बायको नागपूरला आहे हे गल्लीला माहीत होतं. मग उरलं कोण?

अड्याळच्या कारागिराने पल्ला दोन स्टुलांवर उलटा टाकला. खालच्या दोन्ही टोकांचे स्क्रू पेचकसाने काढले आणि पोटातून बेअरिंग ओढून आमच्या समोर धरलं. चाक असं त्याला म्हणताच आलं नसतं. एका बाजूने ते घासून सपाट झालं होतं, चंद्रकोरीसारखं, आणि त्याच्या आसाला केस आणि सूत असं आवळून गुंडाळलं होतं की बाबांनी ते हातात घेऊन दोन-तीनदा फिरवून पाहिलं. दुसऱ्याचे तर तीन तुकडे झाले होते.

"हे फिरत नव्हतं," कारागीर म्हणाला. "तुमी दार घासत नेत होते."

"मी उचलून नेत होतो," बाबा म्हणाले.

माझा फोन ट्रॉलीत असताना खिशात बराच वेळ थरथरत होता, पण दोन्ही हात दारात अडकलेले. आता काढून बघितला तर कितीतरी लोकांचे कॉल येऊन गेले होते. मी त्यातल्या एकाला, पवनीच्या चुलतभावाला, फोन लावला. हा संवाद मी नंतर अनेकदा आठवून पाहिला आहे, आणि मी त्यात एकही खोटा शब्द बोललो नाही.

तो म्हणाला, "आताच समजलं भाऊ. कवा नेता?"

मला वाटलं, बाबांनी दाराची गोष्ट साऱ्या पवनीत केली असणार. मी म्हटलं, "नेलं ना. अड्याळलेच हावो आमी. दुपारपर्यंत घेऊन येतो घरी."

"लय त्रास झाला होता का?"

"मागचे काही महिने लय. शेवटी शेवटी तं जागेवरून हलनंच बंद झालं होतं."

तो म्हणाला, "काका कसे हायेत?"

"त्यांच्या पायाले लागलं थोडं. बाकी ठीक. त्यांनीच सांभाळलं ना इतके दिवस."

"हो," तो म्हणाला. "काकांनी लय केलं."

मी म्हटलं, "दुपारी रिकामा असशील तं ये. उचलायले चार लोक लागतीन."

"येतो ना, असं काय बोलतोस," तो म्हणाला. "आमी सगळेच येतो."

मी फोन ठेवून बाबांना म्हटलं, पवनीचे लोक किती चांगले आहेत.

कारागिराने नवी बेअरिंगं बसवली, जरा तेल सोडलं आणि लोखंडी पट्टीच्या एका तुकड्यावर पल्ला उभा करून बाबांना म्हणाला, ढकला. बाबांनी नेहमीप्रमाणे गुडघा लावला. पल्ला सुटला तो समोरच्या भिंतीपर्यंत गेला, आणि कारागिराने मध्ये हात घातला म्हणून वाचला. बाबा आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी एका बोटाने ढकलून पाहिला, दुसऱ्या बोटाने परत आणला. असं त्यांनी इतक्या वेळा केलं की मागे आलेलं गिऱ्हाईक खोकायला लागलं.

परतीच्या वाटेवर बाबांनी पाय लांब ठेवले. कोथिंबीर मी खिशात घेतली होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकली लागल्या होत्या. घरासमोर चपलांचा ढीग होता. पुरुष मंडळी भिंतीच्या सावलीत दुपट्टे डोक्यावर घेऊन बसली होती. अंगणात हिरवे बांबू पडले होते, त्यांतले दोन चिरून झाले होते. बांबूंपाशी आमच्या गावातले ते काका बसले होते, जे कुणाच्याही घरी मयत झाली की न बोलावता येतात आणि सगळं नीट करून देतात. त्यांच्याशिवाय कोंढ्यात कुणी गेलेलं मला माहीत नाही. ते आमच्याकडे नाराजीने बघत होते.

बाबांच्या हातून दार सुटता सुटता राहिलं. ते आणि मी एकाच वेळी तेच समजलो, आणि काचेतून एकमेकांकडे बघितलं. आई घरी एकटी होती.

इतक्यात आई चहाची केटली घेऊन दारात आली.

"कोथिंबीर आनली का?" तिने विचारलं.

काय झालं होतं ते तिने नंतर सांगितलं. ती चौकटीत खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसली होती. गल्लीतल्या दोन बाया, पल्ला नेताना उघडं राहिलेलं वाडीचं फाटक ढकलून रडत आत आल्या. त्यांना रडताना बघून आईला वाटलं, रस्त्यात ट्रॅक्टर उलटला आणि आम्ही दोघंही गेलो. तिच्या हातातलं सूप पडलं. बायांनी तिला बघितलं आणि त्या तिथेच थिजल्या. आईने कसंबसं विचारलं, "कोण गेलं वं? सांगा ना, कोण गेलं?"

त्यांतली एक म्हणाली, "तुमी गेल्या म्हनून सांगतलं ना जी."

"मी? मी कोठी गेली? मी तं इथीच बसून हावो."

मग उलगडा झाला. आई सांगत होती, "मले वाटलं होतं तुमचंच काई झालं. मंग समजलं का मीच मेली. म्हटलं, चला, बरं झालं. चहा ठेवला."

आम्ही म्हटलं, मग तू लोकांना घरी का नाही पाठवलंस. तर आई म्हणाली, जो तो आपापल्या गावाला फोन करून बसला होता. पवनीचे निघाले होते, अड्याळकडचे निघाले होते. येणाऱ्याला सांगायला कुणी नको का? म्हणून आलेले थांबले. त्यांना बघून आणखी आले. घरासमोर इतकी माणसं आहेत म्हणजे काहीतरी झालंच आहे, अशी नवी येणाऱ्यांची खात्री पटत होती. आईने हात जोडून मी आहे असं सांगितलं तरी काही जणांना ते लगेच पटत नव्हतं. कुणी आईला सरळ फोन करून विचारलंही नव्हतं, कारण मेलेल्या माणसाला फोन कोण करतो? केला तो फक्त माझ्या बायकोने. तिला नागपूरला कुणीतरी कळवलं होतं. आईने "हॅलो" म्हटल्यावर तिने घाबरून फोन ठेवून दिला. मग परत लावला आणि जेवणात काय केलं ते विचारलं.

पवनीचा चुलतभाऊ माझ्यापाशी आला. त्याने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ट्रॉलीतल्या पल्ल्याकडे पाहिलं.

"तू म्हटलं होतं का चार लोक लागतीन," तो म्हणाला.

"लागतीनच," मी म्हटलं.

त्यावर बांबूंपाशी बसलेले काका उठले. त्यांचा सकाळपासूनचा वेळ गेला होता. बांबू तोडून झाले होते आणि आता ते कुणाला परत देता येणार नव्हते. निदान उचलायला काहीतरी आहे हे कळल्यावर त्यांच्यात जीव आला. पल्ला घरातून नेता येत नव्हता, पुढचं दार अरुंद. बाजूच्या बोळातून वळसा घालून मागे वाडीत न्यायचा होता. काकांनी चार धडधाकट माणसं निवडली, दोघांना पुढे लावलं, दोघांना मागे. "उचला," ते म्हणाले. "हळू. बोळात खांदा बदला. घाई करू नका."

बाबांचं म्हणणं होतं पल्ला उभा न्यावा. काका म्हणाले, त्यांनी आयुष्यात उभं काही नेलेलं नाही.

आणि पल्ला निघाला. चौघांच्या खांद्यावर आडवा, पांढऱ्या कापडात, वर झेंडू. काका पुढे चालले. आता खरं तर मागे कुणी यायची गरज नव्हती, पण बसलेली माणसं सवयीने उठली आणि मागून चालायला लागली. एका म्हाताऱ्या माणसाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मला ते सगळं बघून हसू यायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मलाही गहिवरल्यासारखं होत होतं. मी बाबांचा हात धरला, कारण ते लंगडत होते.

बोळाच्या तोंडाशी मिरवणूक पोचली तेव्हा मामा आला.

तो दिघोरीहून दोन गाड्या बदलून आला होता. हातात पिशवी, पायात घरातल्या चपला. त्याने रस्त्यावरूनच ते बघितलं आणि पिशवी तिथेच टाकून धावत आला. कुणी काही सांगायच्या आत तो गर्दीत घुसला, मागच्या एका माणसाला बाजूला सारून त्याने आपला खांदा पल्ल्याखाली दिला आणि मोठ्याने रडायला लागला. मामा आईला बाई म्हणतो, मोठी बहीण म्हणून.

"बाई, माझं चुकलं," तो म्हणत होता. "मी त्या फोटोवाल्याले थांबवाले पायजे होतं. तू हात धुवाले गेल्ती, मले दिसत होतं बाई. मी काई बोललो नाई. थो फोटो मी लावला नाई घरात. पेटीत ठेवला. तू नाई म्हनून लावला नाई."

मी त्याच्या बाजूला गेलो आणि म्हटलं, "मामा, ऐका ना." त्याने माझ्या गळ्यात मोकळा हात टाकला आणि आणखी रडला. बोळ इतका अरुंद की मागे-पुढे होता येत नव्हतं. सगळे तसेच चालत राहिले. मामा चुकांमागून चुका सांगत होता. वडिलांच्या आजारपणातली एक गोष्ट, एका बैलाची गोष्ट, लहानपणी आईच्या वाट्याचा गूळ त्याने खाल्ला होता तीही. आमच्या गल्लीला आमच्या घराबद्दल इतकी माहिती एकदम कधी मिळाली नव्हती.

मिरवणूक वाडीत वळली. समोर दाराची रिकामी चौकट होती आणि चौकटीत आई उभी होती, कमरेवर हात ठेवून.

मामा थांबला. त्यामुळे पल्ला थांबला. त्याला सोडता येत नव्हतं, कारण सोडला असता तर काच फुटली असती. तो खांद्यावर पल्ला घेऊन आईकडे बघत उभा राहिला आणि आई त्याच्याकडे. पाठीमागे सारी माणसं.

"हळू," आई म्हणाली. "काच हाये."

मामाने विचारलं, "तू जिती हायेस?"

"हाव."

"मंग काहून सांगतलं का तू गेली?"

"मी नाई सांगतलं कोनाले," आई म्हणाली. "आधी थे दार लावा."

दार लावायला त्या दिवशी कमी नव्हती माणसांची. बाहेरून चार, आतून दोन. आधी पल्ल्याचा वरचा काठ वरच्या खाचेत घातला, मग सगळा वर उचलून खालून आत ढकलला आणि हळू सोडला. नवी बेअरिंगं पट्टीवर बसली तेव्हा इतका लहान आवाज आला की काकांनी विचारलं, बसलं का. पट्टीतला जुना कोंडा बाबांनी आधीच दात घासायच्या ब्रशने काढून टाकला होता. बाबांनी कापड सोडलं, तोरण काढलं. मग आईला म्हणाले, तू ढकल. आईने एका बोटाने ढकललं. दार गेलं. मग जमलेल्या प्रत्येकाने एकेकदा ढकलून बघितलं, रांगेने.

मामा एकटा लिंबाखाली बसला होता. आईने त्याला पाणी नेऊन दिलं. मी जवळच होतो.

"थे मी मेलेल्या मानसाले बोललो," मामा म्हणाला. "जित्याले नाई."

"मले आयकू आलं ना पन."

"तुले आयकायले नोयतं."

"बैलाचं मले माहीत नोयतं," आई म्हणाली.

मामा पाणी प्यायला आणि म्हणाला, संध्याकाळच्या गाडीने जातो, तुझ्या घरी मी जेवणार नाही. पण आमच्याकडे ज्या घरी मयत होते तिथे त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजारच्या घरांतून पिठलं-भात येतो. खबर सकाळीच पसरली होती, त्यामुळे तीन घरांत पिठलं शिजून तयार होतं आणि ते टाकून कोण देणार? ते पातेल्यांतून आमच्याकडे आलं. अंगणात पंगत बसली. मामाने विचारलं, हे कुणाच्या घरचं. शेजारचं आहे म्हटल्यावर तो बसला. आईच्या हातचं नसेल तर त्याची हरकत नव्हती. वाढायला मात्र आई होती आणि तिने त्याला तीनदा भात वाढला. तो दरवेळी नको म्हणाला आणि दरवेळी त्याने खाल्ला.

संध्याकाळची गाडी चुकली. दुसऱ्या दिवशीचीही चुकली. मामा चार-पाच दिवस राहिला, आईबरोबर वाडीत मिरच्या उलटत बसायचा आणि त्यांचं सारखं काहीतरी चालू असायचं. निघताना आईने त्याला तांदळाची पिशवी दिली. ती फार जड आहे म्हणून त्यांचं परत वाजलं.

आता तो दोन-चार दिवसांनी फोन करतो. आई फोन घेऊन मागच्या पायरीवर बसते आणि दोघं भांडतात. परवा विषय असा होता, की आईची खबर ऐकून निघायला त्याने तासभर लावला, कारण त्याला बरी चप्पल सापडत नव्हती. आई म्हणत होती, शेवटी घरातलीच घालून आलास ना, मग आधीच का नाही निघालास.